करवतीच्या टेबलावरील पट्टी घरी बनवायची, तर शीट कोणती?

भिलाई : रेल्वेरूळ आणि जाड पोलादी प्लेट यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात यंत्राचा एखादा सुटा भाग घडवायचा म्हटले, की हात साहजिकच पोलादाकडे वळतो. टेबल सॉच्या पात्याभोवती बसणाऱ्या पट्टीसाठी मात्र तेच सर्वांत अयोग्य आहे.

यंत्राबरोबर मिळणाऱ्या पट्टीची फट बहुधा रुंद असते, कारण पाते तिरके करण्यास जागा लागते. सरळ कापणी करताना लाकडाच्या बारीक चिपा त्या फटीत अडकतात आणि पाते त्यांना कारागिराच्या दिशेने भिरकावू शकते. आधाराअभावी प्लायचा खालचा थरही उचकटतो. यावर उपाय म्हणजे पात्याच्याच जाडीची फट असलेली पट्टी. ही फट फिरते पाते वर उचलून कापली जाते. पोलादावर असे केल्यास पात्याचे कार्बाइडचे दात तुटतील.

शीट निवडण्यापूर्वी पट्टी बसते त्या खाचेची खोली मोजावी. खाच १२ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर आयएस ७१० प्रमाणाचा मरीन प्लाय उत्तम. सनमायका लावायचा झाल्यास दोन्ही बाजूंना लावावा, अन्यथा पट्टी वाकते. एमडीएफ सपाट आणि स्वस्त असला, तरी पावसाळ्यात फुगतो. खाच अवघी ३ ते ६ मिलिमीटर असेल, तर लाकडी शीट लवचीक ठरते. तेथे फिनॉलिक शीट, म्हणजे विद्युत पॅनेलच्या कामात वापरली जाणारी हायलम, घ्यावी. ती ताठ असते, ओलावा फारसा शोषत नाही आणि उंची जुळवणाऱ्या स्क्रूसाठी तिच्यात आटे पाडता येतात. कापताना मास्क मात्र हवाच.

अ‍ॅक्रिलिक दिसायला देखणे, पण ते तडकते आणि पात्याच्या उष्णतेने वितळून चिकटते. एचडीपीई गुळगुळीत असले, तरी २० अंशांच्या तापमानवाढीत त्याची ३०० मिलिमीटरची पट्टी सुमारे १ मिलिमीटर वाढू शकते. भिलाईच्या उन्हाळ्यात ती खाचेतून उचलली जाण्याचा धोका राहतो.

पट्टी टेबलाच्या पृष्ठभागापेक्षा वर येता कामा नये. फट कापताना ती हाताने दाबू नये. पात्याच्या वाटेपासून दूर, आडवी लाकडी पट्टी क्लॅम्पने आवळून मगच पाते सावकाश वर घ्यावे. पात्यामागील रायव्हिंग नाइफसाठी फट मागे वाढवावी. नव्या पट्टीत ती मावत नाही म्हणून काढून टाकल्यास, लाकूड उसळून मागे येण्याचा धोका उलट वाढतो.