पुण्यात फ्लॅट आहे आणि लंडनजवळ घर घ्यायचंय? मग हा हिशोब आधी बघा

नोकरी लंडनमध्ये, पण लंडनमधली घरं परवडत नाहीत. मग करायचं काय? मुंबईचा चाकरमानी बदलापूर-विरारला घर घेऊन जे करतो तेच, रोज अप-डाऊन. लंडनभोवती अशी अप-डाऊनची कितीतरी गावं आहेत. हर्टफर्डशायरमधलं हिचिन हे त्यातलंच एक. इंग्लंडमध्ये नोकरीनिमित्त गेलेली अनेक मराठी कुटुंबं अशाच गावांमध्ये घर शोधतात. पण तिथे घर घेण्याची पद्धत आपल्यापेक्षा बरीच वेगळी आहे, आणि एक नियम तर थेट पुण्या-ठाण्यातल्या फ्लॅटपर्यंत पोहोचतो.

हिचिनसारख्या गावात घरं महाग का?

हिचिन हे मूळचं बाजाराचं गाव. मध्ययुगापासून आसपासच्या खेड्यांतले लोक इथे खरेदी-विक्रीला यायचे. मधोमध बाजारचौक, शेजारी जुनं सेंट मेरी चर्च, बाजूने वाहणारी छोटीशी हिझ नदी. १८५० मध्ये रेल्वे आली आणि गावाचं नशीब लंडनशी जोडलं गेलं. आज जलद गाडीने किंग्ज क्रॉसला पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो.

म्हणजे मागणी लंडनची, पण जागा मात्र गावाएवढीच. त्यात गावाभोवती 'ग्रीन बेल्ट' आहे. या हरित पट्ट्यात नवीन बांधकामाला सहजासहजी परवानगी मिळत नाही. मग भाव चढेच राहतात. लंडनच्या तुलनेत घर स्वस्त वाटलं, तरी रेल्वेच्या वार्षिक पासाला काही हजार पाउंड जातात, तेही हिशोबात धरायला हवेत.

होकार मिळाला म्हणजे घर आपलं झालं का?

नाही. आपल्याकडे इसार दिला की व्यवहार ठरला असं मानतात. इंग्लंडमध्ये तुमची किंमत मालकाने मान्य केली तरी कायद्याने कोणीच बांधलेलं नसतं. वकील कागदपत्रं तपासतो, सर्व्हेयर घराची पाहणी करतो, बँक कर्ज मंजूर करते. यात काही महिने जातात. दोन्ही बाजूंनी करारांची देवाणघेवाण झाली की व्यवहार पक्का होतो. तेव्हा साधारण १० टक्के रक्कम भरावी लागते.

मधल्या काळात दुसऱ्या कोणी जास्त पैसे देऊ केले, तर मालक तुम्हाला सोडून त्याच्याकडे जाऊ शकतो. याला 'गझम्पिंग' म्हणतात. शिवाय तुम्हाला घर विकणारा माणूस स्वतः दुसरं घर घेत असतो, त्याला विकणारा तिसरं. या साखळीतला एक जण जरी मागे हटला तरी सगळ्यांचे व्यवहार अडकतात. तोवर वकील आणि सर्व्हेयरला दिलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

आता पुण्यातल्या फ्लॅटकडे येऊ

एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार इंग्लंडमध्ये पहिल्या १,२५,००० पाउंडांवर स्टँप ड्युटी नाही. त्यापुढे २,५०,००० पर्यंतच्या भागावर २ टक्के आणि ९,२५,००० पर्यंतच्या भागावर ५ टक्के लागते. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना सवलत आहे. घराची किंमत ५,००,००० पाउंडांच्या आत असेल, तर पहिले ३,००,००० पाउंड करमुक्त आणि उरलेल्यावर ५ टक्के.

पण 'पहिल्यांदा' म्हणजे जगात कुठेही आधी राहतं घर मालकीचं नसणं. वारशाने आलेलं घरही यात मोजलं जातं. दोघांच्या नावावर घर घेत असाल तर दोघांनाही ही अट लागू होते. इतकंच नाही, तर जगात कुठेही ४०,००० पाउंडांहून अधिक किमतीचं दुसरं घर असेल, तर पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा कर लागू शकतो. नवरा-बायकोला इथे सहसा एकच धरतात. म्हणजे फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर असला तरी बायकोची सुटका नाही.

४,५०,००० पाउंडांच्या घराचं उदाहरण घेऊ:

- पहिलंच घर असेल तर: ७,५०० पाउंड
- सवलत नसेल तर: १२,५०० पाउंड
- भारतात फ्लॅट कायम असेल तर: ३५,००० पाउंड

खरेदीआधीच्या वर्षात तुम्ही ब्रिटनमध्ये १८३ दिवसही राहिला नसाल, तर आणखी २ टक्के, म्हणजे ९,००० पाउंड वाढतात. भारतातलं घर हेच तुमचं आधीचं मुख्य राहतं घर असेल आणि ते तीन वर्षांत विकलं, तर काही अटींवर जादा ५ टक्के परत मागता येतात.

फ्लॅट घेताय? लीज किती वर्षांची उरलीय ते विचारा

तिथले बहुतेक फ्लॅट 'लीजहोल्ड' असतात. म्हणजे जमीन दुसऱ्याची आणि फ्लॅट ठरावीक वर्षांसाठी तुमचा. लीज ८० वर्षांपेक्षा कमी उरली असेल तर ती वाढवणं महाग पडत आलंय. सर्व्हिस चार्ज वेगळा. स्वतंत्र घरं मात्र बहुतेक 'फ्रीहोल्ड', म्हणजे जमिनीसकट आपली.

मग सुरुवात कुठून करायची?

घरं बघायला जाण्याआधी वकिलाला एकच गोष्ट स्पष्ट सांगा: भारतात कोणाच्या नावावर, किती हिश्श्याचं, कोणतं घर आहे. 'ते तर गावाकडचं आहे, त्याचं काय सांगायचं' असं म्हणून गप्प राहू नका. कारण कराचं विवरण तुमच्या नावाने भरलं जातं आणि त्यातली माहिती चुकली तर दंडही तुम्हालाच भरावा लागतो.