एका जेवणावर काढलेली वर्षं आणि अर्जुन पुरस्कार

बेंबळीकरांनो, आपल्याच जिल्ह्याच्या सारिका काळेबद्दल आज लिहायलाच हवं.

वडिलांची कमाई बेताची, आई शिवणकाम करायची. साधारण तेराव्या वर्षी मामांसोबत ती खो-खोच्या मैदानावर गेली. जवळजवळ दहा वर्षं दिवसाला एकच जेवण मिळायचं, हे तिनं स्वतः सांगितलंय. एका जेवणावर खो-खो! आठ जणी उकिडव्या बसलेल्या, पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आला की त्याच क्षणी उसळायचं, आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळायची सोय नाही. मांड्या भरून येतात हो नुसत्या!

2016 मध्ये घरच्या ओढाताणीमुळे तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढली आणि ती परतली. त्याच वर्षी गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं. 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला तब्बल 22 वर्षांनी! तेव्हा ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती.

तुमची लेक मैदानावर जायचं म्हणत असेल तर अडवू नका. उद्या सकाळीच घेऊन जा.