रेपो रेट कमी झाला, मग तुमचा हप्ता का नाही?

"सर, रिझर्व्ह बँकेने व्याजदर कमी केला म्हणे, पण माझा हप्ता तर तेवढाच येतोय!" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. आज तो नीट समजून घेऊया.

आधी रेपो रेट म्हणजे काय? रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते, त्यावरचा व्याजदर. बँकेलाच पैसा महाग पडला, तर ती तुम्हाला स्वस्त कसा देणार?

आता गेल्या काही वर्षांचा प्रवास बघा. कोरोनाच्या काळात, मे 2020 मध्ये, रेपो 4 टक्क्यांवर आला. मग महागाई वाढली आणि मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात तो थेट 6.50 टक्क्यांवर गेला. तिथे तो दोन वर्षं थांबला. 2025 मध्ये महागाई आटोक्यात आल्यावर फेब्रुवारीत 6.25, एप्रिलमध्ये 6, जूनमध्ये 5.50 आणि डिसेंबरमध्ये 5.25 टक्के झाला. म्हणजे एका वर्षात सव्वा टक्का कमी.

हा सव्वा टक्का म्हणजे किती पैसे? समजा, 10 लाखांचं पाच वर्षांचं मशिनरी लोन आहे. 11.25 टक्क्यांनी हप्ता साधारण 21,870 रुपये बसतो, 10 टक्क्यांनी 21,250. महिन्याला 620 रुपये, पाच वर्षांत जवळपास 37 हजार! पण हा फायदा मिळणार की नाही, हे तुमचं कर्ज कशाला जोडलंय त्यावर ठरतं.

रेपोला जोडलेलं कर्ज: ऑक्टोबर 2019 पासून बँकांनी सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दिलेली नवी फ्लोटिंग कर्जं बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक वेळा रेपोलाच, जोडलेली असतात. तीन महिन्यांतून किमान एकदा दर बदलावाच लागतो. मात्र बँक कधीकधी हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. स्टेटमेंट तपासा.

एमसीएलआरचं जुनं कर्ज: इथे फायदा हळूहळू आणि अर्धामुर्धा पोहोचतो. रेपोवर शिफ्ट करता येईल का, खर्च किती, ते बँकेत विचारा.

फिक्स्ड रेट: रेपो घसरला तरी हप्ता जैसे थे.

फायनान्स कंपनीचं कर्ज: बेंचमार्कला जोडण्याचा हा नियम बँकांसाठी आहे, या कंपन्यांना तो लागू नाही. त्यामुळे करारात काय लिहिलंय, तेच बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "व्याज स्वस्त आहे, घेऊन टाकू" म्हणून कर्ज काढू नका. 2021 मध्ये फ्लोटिंग दराने कर्ज घेतलेल्यांचं काय झालं? दहा महिन्यांत रेपो अडीच टक्क्यांनी वाढला! म्हणून सही करण्याआधी वहीत एक हिशोब मांडा: दर अडीच टक्के वाढला आणि विक्री थोडी घटली, तरी हप्ता निघेल का? निघत असेल तर पुढे जा. नसेल तर आधी लहान मशीन घ्या, कर्ज कमी काढा.

उद्याच बँकेत जा आणि एवढंच विचारा: "साहेब, माझं कर्ज कशाला जोडलंय आणि पुढचा रिसेट कधी आहे?" उत्तर लेखी घ्या. धंदा तुमचा आहे, तर व्याजाचा हिशोबही तुम्हालाच यायला हवा!