नकार आला नाही, म्हणजे होकार मिळाला असं नव्हे

मागच्या वेळी आपण अनुपलब्धी हे प्रमाण पाहिलं. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही. पण भाट्ट मीमांसकांची अट आठवा: घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत 'दिसत नाही' याला काही किंमत नाही. आज हीच अट प्रोग्रॅमरांच्या एका रोजच्या कामात बघू.

सी भाषेतला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या यंत्रावर बांधायचा, तर तिथला कंपायलर कोणते फ्लॅग ओळखतो हे आधी ठाऊक नसतं. म्हणून कॉन्फिगर स्क्रिप्ट एक छोटा प्रोग्रॅम लिहिते, हवा तो फ्लॅग लावून कंपाइल करते, आणि कंपायलरने शून्य परत दिलं की 'फ्लॅग चालतो' अशी नोंद करते. नुसता आवृत्तीचा क्रमांक विचारण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण शून्याचा अर्थ काय?

क्लँगला अनोळखी वॉर्निंग-फ्लॅग दिला, तर तो नुसती कुरकुर करतो आणि शून्यच परत देतो. जीसीसीची तऱ्हा वेगळी. अनोळखी वॉर्निंग चालू करा म्हटलं, तर तो अडतो. पण तीच बंद करा म्हटलं, म्हणजे फ्लॅगला 'नो' जोडला, तर दुसरी एखादी तक्रार निघेपर्यंत तो गप्प बसतो. नव्या फ्लॅगमुळे जुना कंपायलर अडू नये, म्हणून हे मुद्दाम तसं ठेवलंय. आपण मात्र त्या मौनाला संमती समजतो!

मग करायचं काय? 'नो' वापरायचा असला, तरी चाचणीत त्याचं होकारार्थी रूप विचारा. क्लँगसाठी चाचणीपुरता 'डब्ल्यू-एरर' लावा, म्हणजे कुरकुरीचीही चूक होते.

पण आता उलटा धोका. चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये मेनचा कंस रिकामा ठेवलात आणि 'स्ट्रिक्ट-प्रोटोटाइप्स' तपासलात, तर वॉर्निंग त्या कंसाबद्दल येते, आणि स्क्रिप्ट म्हणते फ्लॅगच चालत नाही. दोष आपल्या प्रश्नाचा, शिक्षा फ्लॅगला. म्हणून कंसात 'व्हॉइड' लिहा.

हे किरकोळ नाही बरं का. 'स्टॅक-प्रोटेक्टर-स्ट्राँग' हा सुरक्षेचा फ्लॅग जीसीसी ४.९ मध्ये, २०१४ साली आला. त्याच्याबद्दल खोटा नकार मिळाला, तर बांधणी थांबत नाही. प्रोग्रॅम संरक्षणाविना लोकांपर्यंत जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. अशा फ्लॅगसाठी नुसतं कंपाइल करू नका, लिंकही करा. चाचणीत अक्षरांचा ॲरे असलेलं फंक्शन ठेवा, नाहीतर संरक्षणाचा कोड तयारच होत नाही. आणि नकार आला, तर स्क्रिप्टने मोठ्याने सांगावं. ऑटोकॉन्फ वापरत असाल, तर 'कॉन्फिग डॉट लॉग' उघडा. फसलेला प्रोग्रॅम आणि कंपायलरचं म्हणणं, दोन्ही तिथे असतं.

आता मीमांसकांची अट लावा. चाचणी दोनदा पारखा. आधी फ्लॅगशिवाय चालवा. ती पास झालीच पाहिजे. मग त्याच धाटणीचा एक बनावट फ्लॅग द्या. तो नाकारला गेलाच पाहिजे. बनावटही पास झाला, तर समजा, खोलीत अंधार आहे. आधी दिवा लावा, मग घट आहे की नाही ते सांगा.