कानापुढचं इवलंसं छिद्र

कानाचा वरचा कंगोरा चेहऱ्याला मिळतो ना, तिथे काहींना जन्मतःच टाचणी टोचल्यासारखं छिद्र असतं. आरशात बघा, कदाचित तुम्हालाही असेल! जर्मन डॉक्टर हॉयझिंगर यांनी १८६४ मध्ये त्याची नोंद केली.

हे येतं कुठून? गर्भ सहा आठवड्यांचा असताना सहा इवले उंचवटे एकमेकांत मिसळून बाहेरचा कान घडतो. त्यांचा सांधा अपुरा राहिला की हे छिद्र उरतं. बहुधा एकाच बाजूला, त्यातही उजवीकडे जास्त. अनेक घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं. ब्रिटनमध्ये शंभरात एकालाही नसतं, तैवानमध्ये दोघांना असतं, आफ्रिकेच्या काही भागांत तर चार ते दहा जणांना!

बाहेरून टिंब, आत मात्र फाटे फुटलेली नळी. तिला आतून त्वचेचंच अस्तर असतं, म्हणून मृत त्वचा आत साचते. दाबल्यावर येणारा पांढरट, वास मारणारा लगदा तोच. बहुतेकांना जन्मभर काही त्रास होत नाही. तेव्हा कृपा करून ते पिळू नका.

मधुमेह असलेल्यांनी मात्र जास्त जपावं. मधुमेहामुळे हे छिद्र पडत नाही, पण एकदा आत जंतू शिरले की खेळ बदलतो. साखर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जखमही रेंगाळते. उलट बाजूनेही तसंच: पू झाला की शरीरावर ताण येतो आणि साखर आणखी वर जाते. गोळ्या त्याच, पथ्य तेच, तरी आकडे चढताहेत आणि कानापुढे लाल, ठणकणारी सूज आहे? मग त्या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगा. मधुमेहाचं निदान झालेलं नसेल आणि तिथे वारंवार गळू होत असेल, तर साखर जरूर तपासा. भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि कित्येकांना त्याचा पत्ताही नाही.

उपचार? आधी अँटिबायोटिक. पू साचलाच तर तो सुईने ओढून काढतात, गरज पडली तर चीर देतात. हळद-चुन्याचा लेप नको. नळी मुळासकट काढायची ती सूज पूर्ण ओसरल्यावर, साखर आटोक्यात आणून. ही शस्त्रक्रिया बघण्यासारखी असते: छिद्रातून निळा रंग सोडतात, बारीक सळई घालून वाट शोधतात आणि निळे झालेले फाटे एकेक करून सोडवतात. नळी कानाच्या कूर्चेला चिकटलेली असते, म्हणून कूर्चेचा छोटा तुकडाही सोबत काढतात. एखादा फाटा राहिला तर गळू पुन्हा हजर!

यात आणि कानाच्या आतल्या दुखण्यात गल्लत मात्र नको. वयस्कर मधुमेही माणसाला कानात रात्रभर झोपू न देणारी कळ येत असेल, कान वाहत असेल, तर सुडोमोनास नावाचा जंतू कवटीच्या हाडापर्यंत पोचत असू शकतो. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.