विक्रमांची रेघ सरळ का जात नाही?

आलेखाचा एक कागद घेऊ. आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर वेळ मांडू. आता स्त्रियांच्या मॅरेथॉन शर्यतीतल्या (४२.१९५ किलोमीटर) तीन वेळा त्यावर टिंबांनी दाखवू. १९७१ साली न्यूयॉर्कला बेथ बॉनर २ तास ५५ मिनिटे २२ सेकंदांत धावली. १९८५ साली लंडनला नॉर्वेच्या इन्ग्रिड क्रिस्टियान्सेनने २ तास २१ मिनिटे ६ सेकंदांचा विक्रम केला. १९९८ साली केनियाच्या तेगला लोरूपेने तो मोडला : २ तास २० मिनिटे ४७ सेकंद.

पहिल्या १४ वर्षांत वेळ ३४ मिनिटांनी घटली, पुढच्या १३ वर्षांत फक्त १९ सेकंदांनी! असे का व्हावे?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी मैदानी शर्यती प्रथमच ठेवल्या गेल्या. त्यांतली ८०० मीटरची शर्यत जर्मनीच्या लीना राडकेने २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकली. हा तेव्हाचा जागतिक विक्रम होता. पण वर्तमानपत्रांत गाजले ते धावपटूंचे थकून पडणे. एका अमेरिकी वार्ताहराने तर धावणाऱ्या ११ जणी होत्या आणि त्यांतल्या ५ जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली, असे लिहिले. प्रत्यक्षात अंतिम शर्यतीत ९ जणी होत्या आणि नऊही जणींनी ती पूर्ण केली होती. तरीही 'हे अंतर स्त्रियांना झेपत नाही' असे ठरले आणि ८०० मीटरची शर्यत बंद झाली. ती परत आली १९६० साली, रोममध्ये. १५०० मीटरसाठी १९७२ उजाडले, मॅरेथॉनसाठी १९८४ आणि १०,००० मीटरसाठी १९८८.

आता आलेखाकडे पुन्हा पाहू. समजा, वर्गातल्या ५० पैकी ५ मुलांनीच परीक्षा दिली. त्यांतला सर्वाधिक गुण म्हणजे वर्गाची कुवत नव्हे. पुढच्या वर्षी पन्नासही मुले अभ्यास करून बसली, तर सर्वाधिक गुण एकदम वर चढेल. त्यानंतर मात्र तो हळूहळूच वाढेल. मॅरेथॉनचे तसेच झाले. आलेखाचा तो तीव्र उतार बंद दार उघडल्याचा होता.

हे लक्षात न घेतल्यास उलट्या बाजूची चूकही होते. १९९२ साली 'नेचर' या नियतकालिकात व्हिप आणि वॉर्ड या शास्त्रज्ञांनी विक्रमांच्या रेषा सरळ पुढे वाढवल्या. त्यानुसार १९९८ च्या सुमारास मॅरेथॉनमध्ये स्त्रिया पुरुषांना गाठणार होत्या. प्रत्यक्षात १९९८ अखेर दोन्ही विक्रमांत जवळजवळ १५ मिनिटांचे अंतर होते. पुढे २००३ साली पॉला रॅडक्लिफने विक्रम २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांवर आणला खरा, पण तो मग १६ वर्षे टिकला. मिळालेल्या टिंबांपलीकडे रेघ ओढताना ती टिंबे कशामुळे तशी पडली, हे आधी विचारायला हवे.

शरीराचा वाटा नाही, असे नव्हे. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे मुलग्यांचे स्नायू आणि रक्तातले हिमोग्लोबिन अधिक वाढते. धावण्याच्या विक्रमांत साधारण दहा टक्क्यांचा फरक उरतो, तो मुख्यतः त्यामुळे. प्राथमिक शाळेच्या वयात मात्र हा फरक अगदी थोडा असतो. शिवाय 'पुरुषांपेक्षा वेळ जास्त लागतो' आणि 'झेपत नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले मोजून कळते, दुसरे मोजण्यापूर्वीच ठरवलेले होते.

अडथळ्यांची ३,००० मीटर शर्यत, म्हणजे स्टीपलचेस, ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी २००८ साली आली. पुढे आठच वर्षांनी, २०१६ साली रिओला, सातारा जिल्ह्याची ललिता बाबर तिच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. दार आणखी वीस वर्षे बंद राहते, तर तिची कुवत कोणाला कळली असती?

आपल्या शाळेच्या क्रीडादिनी मुलींची सर्वांत लांब शर्यत किती मीटरची असते? मुलांची किती? दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत आणि फरक असल्यास तो कोणत्या मोजमापावरून ठरला, हे मुलामुलींनाच शोधायला सांगावे.