वॉशिंग मशीनचे दुखणे आणि घरचे निदान

ज्या वस्तूवाचून आपल्या आईचे व आजीचे उभे आयुष्य गेले, ती वस्तू आज चार दिवस बंद पडली तरी सारे घर विस्कळीत होते. वॉशिंग मशीन ही अशीच एक वस्तू आहे. अमेरिकेतील अल्वा फिशर यांना विजेवर चालणाऱ्या धुलाई यंत्राचे पेटंट १९१० साली मिळाले. आपल्याकडे मात्र हे यंत्र नोकरदार माणसाच्या घरात शिरू लागले ते साधारण १९९० नंतरच. त्याआधी पहाटे उठून नळावर किंवा विहिरीवर धुण्याचा ढीग उपसणारे हात कोणाचे होते, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही. म्हणून या यंत्राचा बिघाड हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. यंत्र थांबले की तो ढीग पुन्हा त्याच हातांवर येऊन पडतो.

आम्ही बँकेत कारकून. शिक्षण कला शाखेचे. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की घरचे लोक काळजीत पडतात, अशी आमची ख्याती! तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहोत, त्याचे कारण गेल्या मे महिन्यात घडलेली एक गोष्ट होय.

प्रसंग असा घडला

आमचे मशीन वरून कपडे टाकण्याचे, पूर्ण स्वयंचलित. एके दिवशी ते थोडे पाणी घेऊन थांबले व शिट्टी वाजवू लागले. मेकॅनिकला बोलावले. त्याने पाच मिनिटे पाहून सांगितले, "साहेब, बोर्ड गेला. चार हजार आठशे लागतील." महिनाअखेर होती. आम्ही "दोन दिवसांनी कळवतो" म्हणालो आणि माहितीपुस्तिका शोधून काढली. ती आजवर कोणी उघडलीही नव्हती. त्या दोन दिवसांत जे समजले ते सभासद बंधू-भगिनींच्या व विद्यार्थी मित्रांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यंत्र चालते कसे ?

दुखणे ओळखायचे तर आधी शरीर ठाऊक हवे. या यंत्राची कामे मोजून चार आहेत : पाणी घेणे, कपडे घुसळणे, पाणी सोडणे आणि कपडे पिळणे.

पाणी घेण्याच्या जागी विजेवर उघडझाप करणारी एक झडप असते. तिला इनलेट व्हॉल्व्ह म्हणतात. टाकीत पाणी किती आले हे यंत्राला डोळ्यांनी दिसत नाही. टाकीच्या तळापासून एक बारीक नळी वर जाते. पाणी चढते तशी त्या नळीतील हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून प्रेशर स्विच पातळी ओळखतो. ठरलेल्या वेळेत पातळी गाठली नाही, तर यंत्र थांबून इशारा देते.

घुसळण्याचे काम तळाशी असलेली तबकडी करते. तिला पल्सेटर म्हणतात. धुणे संपले की एक छोटी मोटार दोरी ओढल्यासारखी खेचते. त्या एकाच ओढीने दोन कामे होतात : पाणी सोडण्याची झडप उघडते आणि क्लच बदलून आतील संपूर्ण टब फिरू लागतो. पिळताना हा टब मिनिटाला साधारण सातशे फेरे घेतो. ही रचना पट्ट्यावर चालणाऱ्या बहुसंख्य मशीनची आहे. मोटार थेट टबला जोडलेल्या नव्या मशीनमध्ये काही फरक असतो, पण कामांचा क्रम तोच.

यातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. "पाणी निघत नाही" आणि "कपडे पिळत नाही" या दोन तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच असते. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला एका दुखण्याची दोन बिले कोणी देऊ शकत नाही.

आधी जीव, मग यंत्र

पुढे जाण्याआधी नियम पाठ करावेत. मागचे झाकण उघडण्यापूर्वी बटण बंद करून भागत नाही, प्लग बाहेर काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा. नळ बंद करावा. हात व पाय कोरडे असावेत, पायात रबरी चप्पल असावी. मोटारीला जोडलेला कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतो. माहिती नसणाऱ्याने त्याला स्पर्श करू नये. आणि मशीन आडवे करायचे तर दोन माणसांनी करावे.

लक्षणांवरून निदान

*पाणी भरत नाही किंवा फार हळू भरते.* नळ पुरता उघडा आहे का, नळी मुडपली आहे का, हे आधी पाहावे. मग बादलीची परीक्षा घ्यावी. नळ बंद करून मशीनकडील नळीचे टोक सोडवावे, ते दहा लिटरच्या बादलीत धरावे आणि नळ सोडून घड्याळ पाहावे. बादली मिनिटभरात भरली तर पाण्याचा दोष नाही, अडथळा मशीनच्या तोंडाशी आहे. बादली रडतखडत भरली तर दोष नळ, नळी किंवा टाकीच्या उंचीत आहे.

टाकीच्या उंचीचा हिशेब सोपा आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार होतो. बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतील पाणी नळापेक्षा तीन मीटर, सुमारे दहा फूट, वर हवे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची टाकी डोक्यावर पाच-सहा फुटांवरच असते. त्यांचे मशीन निरोगी असूनही वारंवार इशारा देते. तेथे टाकी उंच करणे किंवा दाब वाढवणारा छोटा पंप बसवणे हाच इलाज, बोर्ड बदलणे नव्हे.

*पाणी भरतच राहते.* प्रेशर स्विचची बारीक नळी निसटली, तिला चीर गेली किंवा तिच्या तोंडाशी साबणाचा गाळ साचला की यंत्राला पातळी कळत नाही. नळी काढून हलकी फुंकर मारावी व नीट बसवावी. प्लग काढल्यावरही पाणी आत येतच असेल, तर मात्र इनलेट व्हॉल्व्ह बंद होत नाही असे समजावे.

*पाणी निघत नाही.* ज्या मशीनमध्ये पाणी उपसणारा पंप नसतो, तेथे पाणी उतारानेच बाहेर पडते. म्हणून सांडपाण्याची नळी जमिनीलगत असावी. ती उंच मोरीत टाकली की पाणी अडते. त्यानंतर झडपेत काय अडकले ते पाहावे. नाणी, केसांच्या पिना, लहान मुलाचा मोजा हे नेहमीचे पाहुणे. पल्सेटरचा मधला स्क्रू काढून तबकडी उचलली की खाली काय काय साचले आहे ते दिसते. पाहून मन विटते, पण स्वच्छता झाल्यावर कपड्यांचा वासही जातो.

*धुते, पण पिळत नाही.* पाणी पूर्ण निघाले आहे का ते आधी पाहावे. मग झाकणाचा स्विच. झाकण नीट लागल्याची खूण मिळाली नाही तर यंत्र पिळत नाही, आणि ते आपल्या भल्यासाठीच आहे. तो स्विच कायमचा जोडून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. सातशे फेऱ्यांच्या टबमध्ये लहान मुलाचा हात गेला तर काय होईल, याची कल्पना करावी. फेस जास्त झाला तरीही पिळणे अडते. हाताच्या धुण्याची पावडर मूठभर टाकण्याची सवय सोडावी.

*मोटार गुणगुणते, पण फिरत नाही.* मशीन ताबडतोब बंद करावे, अन्यथा मोटार जळते. कपॅसिटर कमजोर झाल्याचे हे ठळक लक्षण आहे. त्याच्या अंगावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो व मल्टिमीटरने तो तपासता येतो. हा भाग स्वस्त असतो. त्यामुळे मोटार बदलण्यास होकार देण्याआधी "कपॅसिटर मोजून दाखवा" एवढे तरी म्हणावे.

*मशीन नाचते, आदळते.* एकच जड चादर किंवा ब्लँकेट एका बाजूला गोळा झाले की असे होते. कपडे पसरून पाहावे. चारही पाय जमिनीला टेकले आहेत का ते वाटीभर पाणी मशीनवर ठेवून पाहावे, पाय फिरवून समतोल साधता येतो. तरीही थांबत नसेल तर टब तोलून धरणाऱ्या चार कांड्यांपैकी एखादी निकामी झाली असेल.

क्लच, गिअरबॉक्स, टबखालील सील आणि बोर्ड ही कामे मात्र जाणकाराचीच. घरगुती निदान म्हणजे जाणकाराला डावलणे नव्हे. त्याच्याशी माहितीने बोलता यावे, एवढेच त्याचे प्रयोजन.

नागपूरचे पाणी

आमच्या घरची बादली मिनिटाच्या आतच भरली. म्हणजे अडथळा मशीनच्या तोंडाशी. इनलेट व्हॉल्व्हच्या तोंडात एक नखाएवढी प्लॅस्टिकची जाळी असते. पकडीने ती हलकेच ओढली. बाहेर आली ती जाळी नव्हे, पांढऱ्या चुन्याचा व रेतीचा गोळाच !

कारण उघड होते. आपल्या शहराला पेंच व कन्हानचे पाणी मिळते, परंतु उन्हाळ्यात नळाची धार कमी झाली की आपण टाकीत बोअरचे पाणी सोडतो. खडकातून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. अशा पाण्यात साबण फेसाळत नाही, आपण पावडर वाढवतो, आणि क्षार व पावडर मिळून गाळ होतो.

जाळी तासभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवली, जुन्या टूथब्रशने घासली व परत बसवली. मशीन सुरू झाले. चार हजार आठशे रुपयांच्या दुखण्याचे औषध दहा रुपयांचे निघाले. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी, आणि उन्हाळ्यात दरमहा, ही जाळी साफ करण्याचा नेम आम्ही ठेवला आहे.

आई म्हणत होती ते

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. प्लग काढताना आमचे लक्ष एक्स्टेन्शन बोर्डाकडे गेले. मशीन न्हाणीजवळ हलवले तेव्हा हा स्वस्तातला बोर्ड आम्हीच आणला होता. त्याला छिद्रे तीन होती, पण वायर जाडीला फारच कमी दिसली. उघडून पाहिले तर आत तारा दोनच. अर्थिंगची तार मुळी नव्हतीच !

आमच्या आईचे वय बहात्तर. गेले तीन-चार महिने ती म्हणत होती, "अरे, हे मशीन मले चावते." आम्ही हसून "आई, तुझ्या हाताला मुंग्या येत असतील" म्हणत असू. नातवंडांनी तर त्याचा विनोद केला होता. मशीनच्या विद्युत भागांतून पत्र्यावर अगदी थोडी वीज झिरपत असते. अर्थिंग असले तर ती जमिनीत जाते. नसले तर ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून जाते. आज ती मुंग्यांएवढी होती. आत एखाद्या तारेचे आवरण उंदराने कुरतडले असते, तर पूर्ण २३० व्होल्ट त्या पत्र्यावर आले असते. त्या विचाराने आजही अंगावर काटा येतो. जाळी तुंबली नसती तर आम्ही तो बोर्ड कधी पाहिलाही नसता. आईने बरोबर निदान केले होते. ऐकणारे कान आम्हाला नव्हते.

दुसऱ्याच दिवशी परवानाधारक वायरमन बोलावून भिंतीत स्वतंत्र तीन पिनी सॉकेट बसवले, अर्थिंग तपासले व ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. लावला. गळती तेवढी झाली की तो क्षणार्धात वीज तोडतो. वायरमनने आणखी एक सांगितले. आपल्याकडील कडक उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते व अर्थिंगचा खड्डा निरुपयोगी होऊ लागतो. त्यात अधूनमधून पाणी घालावे. बोर्डाचे निदान मागे पडले, पण हा खर्च आम्ही आनंदाने केला.

शेवटी

दुरुस्तीला माणूस बोलवाल तेव्हा काढलेला जुना भाग परत मागा व पक्के बिल घ्या. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. विद्यार्थी मित्रांना सांगणे एवढेच, की पुस्तकातील ओहमचा नियम आणि घरातील प्लग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. हाताने काम करणाऱ्याची बुद्धी कमी असते, हा समज जितक्या लवकर सोडाल तितके बरे. आम्हाला तो सोडायला चाळिशी उलटावी लागली.

एक नम्र सूचनाही करतो. संस्थेने एक मल्टिमीटर, टेस्टर, पकड व पान्यांची पेटी घ्यावी आणि ती सभासदांना नोंद करून वापरायला द्यावी. खर्च फारसा नाही. आणि हा अंक मिटण्यापूर्वी प्रत्येक वाचकाने एक काम करावे : आपल्या मशीनचा प्लग कोठे लावला आहे व त्याच्यामागे तारा किती आहेत, ते पाहून घ्यावे. घरातील कोणी "मशीन चावते" म्हणत असेल, तर हसू नये.